कुर्ली

वाघोटणच्या खाडीत, ओहोटीला,
भिवामामा बिळात काठी सारायचा.
कुर्ली ती नांगीत धरायची
आणि मग सोडायचीच नाही.
बोट वाटलं असेल तिला.

लोट्याच्या लॅबमध्ये रात्रपाळीला हे आठवतं.
एन्झाइमलाही काही तोडायचं असतं.
तोडण्याच्या ऐन क्षणी कार्बनच्या खांद्यांवर
दोन हायड्रॉक्सिल येऊन बसतात,
निमिषभर,
की तुटलं, निसटलं.
त्या जागी मी सिलिकॉन ठेवते.
तो दोन्ही ओझी उतरवत नाही.
नांगी मिटते, मिटूनच राहते.

चौदा रेणू वाया गेले,
एकमेकांत गुंतून फ्लास्कच्या तळाशी
डिंक होऊन बसले.
पंधरावा सकाळपर्यंत टिकला.

मामाला फोन केला.
म्हटलं, औषध होईल न होईल, माहीत नाही,
पण मूळ तुझ्याच कासार्ड्याच्या वाळूत आहे,
जी तू बावीस वर्षं चाळलीस, तोंडाला पंचा बांधून.

तो खोकला. बराच वेळ खोकत राहिला.
मी घड्याळाकडे बघत होते.

"तीच रेव काय गो?" म्हणाला,
"धरल्यान काय सोडणा नाय ती.
माका इचार."