बादल्या

अठराशे नव्व्याण्णव रुपये. चार जुने खेळ एका संचात,
पॉलिश करून, नवे रंग भरून.
पिशवी नाही, खोकं नाही,
रात्री साडेनऊला नुसतं डाउनलोड होऊन आलं
बिबवेवाडीत, तिसऱ्या मजल्यावर.

आणि पहिल्याच पडद्यावर कळलं
की ती बादली नव्हती.

अप्पर डेपोच्या मागे, ललवाणींच्या गाळ्यात,
तासाला सहा रुपये मोजून
दोन उन्हाळे आम्ही ज्याला बादल्या म्हटलं
(विहिरीत पडलेला पोहरा काढायला निघालेला
कुणा गावचा पोरगा,
ही दिग्या काळोखेने रचलेली अख्खी गोष्ट)
तो सरदार निघाला.
डोक्यावर शिरस्त्राण, डोळ्यांपाशी दोन फटी.
भाकरी म्हणायचो ती ढाल.
आणि शेवटच्या किल्ल्यात जिला आम्ही म्हैस समजलो
ती राणी आहे. झोपलेली.

खोटं कशाला बोलू, देखणं केलंय.
पाण्यावर उजेड हलतो.
वटवाघळांना पंख आलेत,
पूर्वी ती नुसती उडती स्वल्पविरामं होती.
संगीत खऱ्या वाद्यांवर वाजवलंय.
तिसऱ्या पातळीत एक बेसूर ठोका होता,
तो तेवढा काढून टाकलाय.
मी त्या ठोक्यावर उडी मारायचो.

झुलत्या पुलावर चार भुतं एकदम आली
की जुनं यंत्र दमायचं.
सगळं संथ व्हायचं, उडी हवेत रेंगाळायची,
आणि त्या रेंगाळण्यात
कुठे उतरायचं ते ठरवायला सवड मिळायची.
ललवाणींचं घड्याळ मात्र दमायचं नाही.
“पाच मिनिटं राहिली,”
वहीतून मान वर न काढता म्हणायचे.

नव्या यंत्राला धाप लागत नाही.
सगळं लोण्यासारखं.
मी सतरा वेळा पडलो.

मागे जायची सोय आहे. कळ दाबून धरली
की सरदार दरीतून उलटा वर येतो.
दहा सेकंद, त्याहून जास्त नाही.
आधी गंमत वाटली, मग लाज,
पाठीमागे ललवाणी उभे असल्यासारखी.

जुन्या टीव्हीच्या रेघाही हव्या तर मिळतात.
रेघा हुबेहूब.
पण डावा कोपरा हिरवा होत नाही,
जिथे कुणीतरी स्पीकरचं लोहचुंबक लावून पाहिलं होतं
(कुणीतरी म्हणजे मी),
आणि त्या हिरव्यात दडलेला काटा
फक्त आम्हा दोघांना ठाऊक होता.
आता तो सगळ्यांना दिसतो.

शनिवारी दिग्या आला, हडपसरहून, गाडीवर.
हेल्मेट काखेत, डोक्यावर नाही.
न विचारता दुसरा कंट्रोलर उचलला.
ललवाणींकडे दुसऱ्याची उडीची कळ अडकायची.
ही अडकत नाही.
तरी तो दोनदा दाबतो.

म्हटलं, नीट बघ, शिरस्त्राण आहे ते.
टीव्हीजवळ गेला, चष्मा कपाळावर चढवला.
“बादलीच आहे,” म्हणाला.
“दोन भोकं पडलीत, एवढंच.”

मग पूल आला. भुतं आली, चारही, न दमता.
आणि खालचं पाणी इतकं छान चमकत होतं
की आम्ही दोघंही बघत राहिलो
आणि पडलो.