पापुद्रा

टाम्पेरेत नोव्हेंबर. दुपारी तीनलाच काळोख,
आणि आम्ही काचेवर ऊन झेलणारी साय धरवत बसलेलो.

ग्लोव्हबॉक्सचे हातमोजे
आतल्या नायट्रोजनच्या दाबानं बाहेर फुगून ताठ उभे,
आत कुणी अडकलंय आणि हात मागतंय असे.
केर्तू रौताव्हा सव्वीस वर्षं तो हात देत आली.

शिसं न् आयोडीन : खनिजाचा हट्टी सांगाडा.
त्याच्या खोल्यांत मिथाइलअमोनियम,
सेंद्रिय, हलकं, जरा उन्हाळलं की पळून जाणारं बिऱ्हाड.
बाटलीतल्या द्रावणात दोघं गुण्यागोविंदानं असतात.
काचेवर त्यांना नांदवायचं, तिथं खरी परीक्षा.

थेंब ठेवायचा. मिनिटाला चार हजार गिरक्या.
बहुतेक सगळं कडेनं उडून जातं,
मागे राहतं ते केसाच्या शंभराव्या हिश्शाहून पातळ.
आणि बरोबर एकविसाव्या सेकंदाला
वरून क्लोरोबेंझीनची एक धार.
विसाव्याला कच्चं.
बाविसाव्याला पांढुरके डाग, भोकं, दिवस वाया.

केर्तू सेकंद मोजत नाही, आईच्या गाई मोजते :
मान्सिक्की, हेलुना, ओमेना, किएलो,
मुस्तिक्की, तुओमिक्की, लेम्मिक्की.
सात गाई, तीन वेळा.

यंदा तिसऱ्या फेरीत, ओमेनापाशी, तिचा हात हलला.
फिल्मवर वाकडं कडं उमटलं.
पिपेट खराब आहे, म्हणाली.
मी पिपेट बदललं.
आठवड्यात चार पिपेटं बदलली मी.

वरच्या मजल्यावर निर्वात कोठी आली आहे,
तिथं क्षार वाफ होऊन आपले आपण चढतात.
शेजारी पात्यानं ओढणारं यंत्र. ते तिला पटतं :
राय पावावर लोणी, त्यात न समजण्यासारखं काय?
आणि ते तिसरं,
एक झुळूक धातूची, मग झाडलोट,
एक झुळूक सेंद्रियाची, पुन्हा झाडलोट,
रात्रभरात चिमूटभर जाडी.
'एवढा धीर मी लग्नातसुद्धा धरला नाही.'
हसली, आणि हात ॲप्रनच्या खिशात घातले.

गुरुवारी तिनं मोज्यांतून हात काढले
आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.
'तू घाल. मी गाई हाकते.'

मोजे आतून अजून कोमट होते, ओलसर,
बोटं मला थोडी आखूड.
चकती फिरू लागली. माझ्या कानाशी
ती एकेकीला नावानं बोलवत होती,
दारात उभं राहून बोलवावं तशी, न ओरडता.
तिसऱ्या लेम्मिक्कीला मी अंगठा दाबला.

शंभर अंशांच्या तव्यावर
पिवळं तांबूस झालं, तांबूस तपकिरी,
मग कॉफीच्या गाळासारखं काळं, पण चकचकीत,
छताची ट्यूब आतपर्यंत दिसेल इतकं.

आम्ही काही बोललो नाही.
नोंदवहीत 'कर्ता' या रकान्यात
तिनं माझं नाव लिहिलं, अक्षर थरथरतं,
आणि शेऱ्यात, जिथं जाडी लिहितात तिथं :
गाई घरी आल्या.