सी-फॉर्म

खोली भाड्याने दिली की चोवीस तासांत कळवायचं,
असा नियम.
नाव: देल्सियु अमिस्से. देश: मोझांबिक.
येण्याचं कारण: एम.एस्सी., सागरविज्ञान.
जाण्याची तारीख: इथे तो अडला.
जून, म्हणाला, पुढचा नाही, त्याच्या पुढचा,
आणि बोटं मोजत बसला.

पहिल्या आठवड्यात त्याने मला एकच विचारलं,
पाणी किती वाजता जातं.
रात्री साडेअकराला दिवा, पहाटे साडेचारला दिवा.
पातेल्यात भात, एकदम तीन दिवसांचा.
रविवारी गच्चीवर फोन:
आधी मोठ्याने, मग हळू,
मग नुसताच कानाला लावून उभा,
ताळगावच्या पठारावर
विद्यापीठाच्या दिव्यांकडे पाठ करून.

सर भरभर शिकवतात, म्हणाला,
विचारतात कळलं का, मी मान हलवतो.
कशी हलवतोस, दाखव.
आडवी नाही, उभी नाही, तिरकी,
हो म्हटल्यासारखी नि न म्हटल्यासारखीही.
म्हटलं, झालं तर मग, रुळलास.
तो हसला नाही.

एकदा मी नळाशी ओरडत होते,
सुलभा, बालदी आण गं, चावी मेजावर ठेव!
तो जिन्यातच थबकला.
"बाल्द," म्हणाला. "शाव्. मेझा."
मग आम्ही घरभर हिंडलो, वस्तूंवर बोट ठेवत.
जनेल जुळलं. साबण जुळला. पाव तर जुळलाच.
खुर्ची नाही जुळली, पंखा नाही.
मागच्या अंगणात त्याने काजूच्या खोडावर हात ठेवला,
बराच वेळ काढला नाही.

बघ, आपलं एकच निघालं, मी म्हटलं.
"आपलं नाही," तो म्हणाला,
"तुमच्याकडे ज्या बोटीतून उतरलं
त्याच बोटीतून आमच्याकडे.
माझी आई वेगळं बोलते."
चावीला काय म्हणते ती?
आठवायला लागला. आठवेना.
"आमच्या दाराला कुलूपच नव्हतं," म्हणाला शेवटी,
आणि वर गेला.
त्या रात्री दिवा लागलाच नाही.

यंदा फॉर्म त्यानेच भरला.
पत्ता चिठ्ठीत न बघता लिहिला,
पिनकोडनंतर, चौकटीबाहेर:
काजूच्या झाडावरून उजवीकडे.
जाण्याची तारीख पेन्सिलने.

हवालदाराने झाड खोडलं.
तारखेवर बोट आपटत म्हणाला,
इथे शाई लागते.