कार्ड भरून मिळेल

तुर्भे नाक्यावर माझं दुकान होतं, चार बाय सहा.
पाटीवर रिचार्ज, झेरॉक्स, आणि खाली
मी स्वतः रंगवलेलं: कार्ड भरून मिळेल.
दोन जीबीला तीस रुपये, चारला पन्नास.
ओळखीचा असेल तर चहावर.

डी ड्राइव्हमध्ये फोल्डरांना नावं माणसांची:
गोळे कांदाबटाटा. बामा डंपर.
लीलाम्मा नर्स. हळद घणसोली, दोन नंबर.
गायक कोण, साल कोणतं, कोण विचारतंय?
गोळ्यांना जे लागतं ते गोळ्यांच्या फोल्डरात.

हिरवी पट्टी सरकायला बारा मिनिटं लागत.
तेवढ्यात माणूस बोलायचा.
स्टूल एकच. त्यावर बसून बामा सांगायचा,
खाणीतून भरलेली गाडी उतरवताना
ब्रेकपेक्षा गाण्यावर भरवसा जास्त.
गोळे भिंतीला टेकून बसायचे नाहीत,
पाठ अजून ड्युटीवर आहे म्हणायचे.
लीलाम्मा काहीच सांगायची नाही.
कार्ड हातात घेऊन हलकी फुंकर मारायची,
जखमेवर मारतात तशी.

मग नेट स्वस्त झालं.
सगळ्यांच्या खिशात सगळी गाणी आली.
एका आठवड्यात एकच कार्ड आलं, तेही करप्ट.
शटर ओढलं, कॉम्प्युटर मांडीवर घेतला
आणि रिक्षानं कोपरखैरण्याला घरी आलो.

परवा दीक्षितानं त्यात नवा प्लेयर टाकला.
"बाबा, किती पसारा हा! लावून देते नीट."
एक बटण दाबलं. पंखा घुरघुरला.
अठरा हजार गाणी उठली
आणि आपापल्या गायकामागे रांगेत उभी राहिली,
शाळेत प्रार्थनेला राहतात तशी.
अल्बम, साल, प्रकार, शेजारी इवलं चित्रसुद्धा.
ज्यांचं कोणी नाही ती सगळी
"अज्ञात कलाकार" या एकाच घरात.

गोळे रिकामे.
बामा रिकामा.
लीलाम्माच्या गाण्यांची लिपी त्याला वाचता आली नाही,
नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं, ओळीनं.

छान दिसतंय, म्हणालो.
दिसत होतंच.

रात्री एकटा बसलो. प्लेयरनं विचारलं:
हे गाणं सदतीस वेळा आहे, छत्तीस काढून टाकू?
अरे बाबा, सदतीस हळदी होत्या त्या.
नको म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा नको म्हटलं.

गाण्यावर उजवं क्लिक केलं की
खूप खाली, सगळ्यात शेवटी
कॉमेंट नावाचा एक रकाना असतो.
तो कोणी भरत नाही.
तिथं लिहायला घेतलंय, दोन बोटांनी.
"बामा. उतारावर लावायचा."
"गोळे. जत्रेला गावी जाताना, घाईत."
"शिरवण्याचा पोरगा. मोबाइल घेतल्याचं घरी माहीत नव्हतं."
प्रश्नचिन्हांपुढे: "लीलाम्मा. बहुतेक."

रोज वीस-पंचवीस होतात.
या हिशेबानं दोन वर्षं. गुडघ्याच्या व्यायामासारखं,
एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी जड जातं.

काल एक लागलं. कडवंन्‌कडवं पाठ,
मधल्या बासरीची जागासुद्धा.
पण कोणाचं ते आठवेना.
स्टूल दिसत होतं, पट्टी सरकताना दिसत होती,
स्टुलावर कोण बसलंय ते नाही.
रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.

दीक्षिता पाणी प्यायला उठली होती.
दारातूनच म्हणाली,
"हे तुम्ही वाजवायचात ना, शटर लावायच्या आधी?
मी डबा घेऊन यायचे तेव्हा."

असेल.
मला काही नक्की सांगता येईना,
म्हणून रकाना तसाच सोडला
आणि पुढचं लावलं.