वशिंड

रिओ नेग्रोचं पाणी म्हणजे कोरा चहा.
बोट बुडवलं की पहिलं पेर तांबूस दिसतं,
दुसरं विटकरी,
तिसरं दिसतच नाही.
त्या न दिसणाऱ्यात तुकुनारे राहतो.

ओतावियो साहेब कुरितिबाहून आलेत,
तीन विमानं बदलून,
टोपीवर ह्याच माशाचं भरतकाम.
त्यांना वीस पौंडांचा हवाय.
काल अठराचा लागला
तर रात्री धड जेवले नाहीत.

मी एडिलेनी. वल्हं माझं,
गळ साहेबांचा.
बाबांच्या वेळी हा मासा ताटात यायचा,
आता पावतीवर येतो.
पकडायचा, मोजायचा, सोडायचा.

मोटर बंद केली आणि दिसलं :
पडलेल्या झाडाच्या बेचक्यात
पाण्याला बारीक उकळी फुटली होती,
दुधाला कडेकडेनं फुटते तशी.
पिल्लं.
नखाएवढी, हजारभर तरी,
प्रत्येकाच्या अंगावर एकेक काळी रेघ.
घेर दीड वल्ह्याचा.

म्हणजे खाली बाप असणार.
या दिवसांत त्याच्या डोक्यामागे वशिंड येतं,
बैलासारखं.
आम्ही कुपिम म्हणतो, बैलाचं असो की माशाचं.
आत नुसती चरबी.
पहाऱ्यावर असताना खाणं होत नाही,
तेव्हा ही शिदोरी.
उपास आधीच डोक्यावर बांधून
संसाराला लागतो बिचारा.

म्हणून तो भुकेनं गळाला लागत नाही.
रागानं लागतो.

मी वल्ह्यानं पलीकडचा किनारा दाखवला.
तिकडे टाका साहेब, तिकडे खोल आहे.
त्यांनी वल्हं पाहिलंच नाही,
माझे डोळे कुठे आहेत ते पाहिलं.

लाकडी मासा, शेपटीला पंखा,
फर्र करत बेचक्यावरून गेला.
दुसऱ्या फेरीला
वरून कुणी पाटा टाकावा तसं पाणी फुटलं.
रिळातून दोरा किंचाळत सुटला,
साहेब कुणाचं तरी नाव घेऊन ओरडले,
देवाचं नसावं.

मी बेचक्याकडे बघत होते.
आई एकटी गोल फिरत होती.
एकटी किती दिशांना धावणार?
झाडाच्या मुळांतून सावल्या सुटल्या,
चपट्या, लाल पोटाच्या.

मी वल्हं आपटायला लागले.
डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे,
पाणी ढवळून काढलं,
शिव्या दिल्या, बाबा द्यायचे त्या.
बोट डुलायला लागली.
"अहो बाई, फोटो हलतोय!"
हलू दे.

साडेएकोणीस.
साहेबांनी काटा झटकला, पुन्हा टांगला.
साडेएकोणीसच.
हिरवा-सोनेरी, तीन काळे पट्टे,
कल्ल्यांखाली निखारा,
शेपटीवर सोनेरी कड्यातला तो खोटा डोळा,
चावणाऱ्याला पुढचं-मागचं कळू नये म्हणून.
खरे डोळे साहेबांकडे होते.
खोटा माझ्याकडे.

द्या इकडे, म्हटलं, आणि घेतलाच.
बोटीच्या कडेला सोडला नाही.
तोंड धरून, पाण्यातून ओढत,
बेचक्यापर्यंत नेला.
पोटाखाली तळहात.
कल्ले उघडत होते, मिटत होते.
वशिंड माझ्या मनगटाला टेकलेलं,
मऊ, गार.
मग त्यानं शेपटीनं माझ्या तोंडावर पाणी मारलं
आणि गेला, थेट आपल्या कामावर.

लॉजच्या वहीत तीन रकाने आहेत :
वजन, लांबी, रंग.
भरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब म्हणाले,
त्या झाडाकडे नको.
बराच वेळ दोरा नुसता गुंडाळत बसले.
मग विचारलं, किती उरली असतील?

मोजली नाहीत, म्हटलं.

खोटं.
साहेब फोटो बघत होते तेव्हाच
मी पाण्यावर वल्हं आडवं धरलं होतं.
पाऊण.