पीळ

शनिवार, सकाळचे नऊ.
बर्नीच्या धक्क्यावरून वारा ओल्या लाकडाचा वास घेऊन येतोय.
नगरपालिकेच्या शेडबाहेर मी माझा बोर्ड टेकवला:
मुलांच्या सीट बसवून व तपासून मिळतील.
पहिलीच गाडी डेस्मंड पायबसची.
उतरल्या उतरल्या म्हणाला,
यात बघण्यासारखं काही नाही, बाई,
चाळीस वर्षं जहाजांवर कंटेनर आवळलेत मी.
तू नुसती सही कर.

सीट गाडीच्या पट्ट्याने बांधलेली होतीच,
वर आणखी निळी नायलॉनची दोरी,
आणि दोरीला अशी देखणी गाठ
की सोडताना माझीच बोटं ओशाळली.
तो बघत राहिला,
पानातला घास कुणी उचलून न्यावा तसा.

वरचा पट्टा सीटच्या डोक्यावरून मागे गेलेला,
वाटेत दोनदा पिळलेला.
सुंभ जळला तरी, असं काहीसं
माझ्या ओठांवर आलं, ते मी गिळलं.
पट्ट्याचा आकडा डिकीच्या तळाला, एका बारक्या कडीत.

ही बटाट्यांसाठी, मी म्हटलं.
वळणावर पिशवी कलंडू नये म्हणून.
मग खरी कुठाय?

मागच्या सीटच्या पाठीत, खाली, कापडी झापेआड हात घातला:
बिस्किटांचा चुरा,
पाच सेंटचं एक नाणं,
पांढरे राठ केस,
मग लोखंड.
लोखंडात आधीच एक आकडा.
आकड्याला दोरी, दोरीला गळपट्टा,
गळपट्ट्यात म्हातारी विनी,
मघापासून शेपूट आपटत आमचं बोलणं ऐकणारी.

डेस्मंड हसला नाही.
मीही, कसंबसं.

त्याचाच तळवा सीटच्या माथ्यावर ठेवला.
ओढा.
सीट सहज पुढे वाकली, नमस्काराला वाकावी तशी.
गाडी आदळते तेव्हा बूड जागेवर राहतं,
डोकं पुढे जातं.
हा पट्टा त्या डोक्यासाठी.

बराच वेळ तो बंदराकडे बघत होता.
क्लॅरी बर्जेस म्हणून एक होता आमच्यात, तो म्हणाला.
त्या दिवशी ढील माझ्या बाजूला होती.
पुढचं त्याने सांगितलं नाही.
मी विचारलं नाही.
विनी जांभई देऊन खाली बसली.

फॉर्मवर पुढचा रकाना होता.
नातीचा खांदा कुठवर येतो?
सीटवर खूण असते, त्यावरून ठरतं.

त्याने हात कमरेपाशी धरला. इथवर.
मग जरा खाली.
मग पुन्हा वर.
मग हात खिशात घातला.
मेलबर्नला असते, म्हणाला. गुरुवारच्या बोटीने येतेय,
आईबरोबर, सगळं सामान घेऊन.
मी पाहिली तेव्हा ती
ह्या एवढ्या टॉवेलात मावत होती.

रकाना मी पेन्सिलीने भरला.
गुरुवारी उतरली की आधी इथे आणा, म्हटलं.

मग पट्टा सरळ केला, पीळ काढला,
डोक्याच्या उशीच्या दोन दांड्यांमधून नेला,
आकडा लोखंडात, खट्.
ताणला, ढील गेली,
उरलेलं टोक गुंडाळून खोचलं.
सीट पट्ट्यापाशी धरून हलवली:
बोटभरही सरकली नाही.

सोड, तो म्हणाला.
काय?
सगळं सोड. आता मी.

पहिल्यांदा उशीवरून नेला, चुकला.
दुसऱ्यांदा पीळ राहिला, त्यालाच आधी दिसला,
स्वतःलाच एक शिवी हासडली, अस्सल गोदीतली.
तिसऱ्यांदा खट् झाल्यावर
कान लावून थांबला,
जणू आतून कुणी काही उत्तर देणार होतं.

सही मी केली.
निळी दोरी त्याने घडी करून खिशात ठेवली, टाकली नाही.
शेडच्या तोंडाशी गतिरोधक आहे,
त्यावरून गाडी त्याने इतकी हळू काढली
की मागच्याने हॉर्न दिला.
रिकामी सीट ताठ.
आरशात त्याचे डोळे, रस्त्यावर नव्हते.

आणि डिकीच्या काचेला नाक लावून विनी, मोकळी.
तिच्यासाठी कडी शोधायचं
आम्ही दोघेही विसरलो.