एक हजार तीन

शनिवार. एमआयडीसीची सुट्टी.
सातपूरच्या शेडमध्ये प्रेस गप्प,
आवाज फक्त माझ्या ड्रिलचा आणि मधूनच पालीचा.
पपया नर्सरीपासून आत, तिसऱ्या गल्लीतली टूलरूम:
दोन कॉम्प्युटर जोडून हवे होते,
पेनड्राइव्ह घेऊन जिने चढणं थांबावं म्हणून.
बच्छाव शेठ फोनवर एवढंच म्हणाले,
"लिनक्सवरच करा. विंडोजचे पैसे नाहीत बरं का."

खालचा जुना, डायांची अठरा वर्षांची ड्रॉइंगं पोटात घेऊन
पंख्याने धापा टाकणारा.
वरच्याच्या स्क्रीनचं प्लास्टिकही अजून निघालेलं नाही.
मधे चौदा मीटर निळी केबल,
कुलरच्या मागून, गणपतीच्या कोनाड्याखालून.
वरून हाक मारली, आहेस का?
अर्ध्या मिलिसेकंदात उत्तर.
माझ्या घरी इतक्या लवकर कुणी ओ देत नाही.

मग एका फाइलीत एक ओळ लिहायची:
कुठला फोल्डर, कुणाला, नुसता वाचायला की लिहायलाही.
बस.
पण पत्ता आणि कंस यांच्यामध्ये
माझ्या अंगठ्याने एक रिकामी जागा सोडली,
आणि तेवढ्या फटीतून दार
येईल त्याला उघडं,
ज्याच्यासाठी उघडलं तो मात्र बघ्या.
दोन वाजता दिसली. खोडली.
डबा खायचा राहिला तो राहिलाच.

चार वाजता माउंट झालं.
ऋतुजा गांगुर्डे सुट्टी असून अशोकनगरहून आली होती,
फोल्डर उघडला आणि थबकली.
"ताई, हे सगळं माझ्या नावावर कसं?"

खरंच. पंपाची झाकणं, ब्रॅकेटं,
'फायनल', 'फायनल खरं', 'फायनल आता बास',
प्रत्येक ओळीत मालक: ऋतुजा.

मशीन नाव पाठवत नाही, आकडा पाठवतं.
खाली एक हजार तीन म्हणजे अहिरराव काका,
जे मार्चमध्ये गेले. रिटायर नाही, गेले.
वर परवाच खातं काढलेली ही,
तिलाही ओळीने आला तोच आकडा.

सोपं आहे म्हटलं, तुझा नंबर बदलते.
मग त्यांच्या फाइलींपुढे नाव नाही दिसणार,
नुसता आकडा उरेल.

ती बराच वेळ माउसचं चाक फिरवत राहिली.
"नको. नंबर राहू दे.
लिहायची परवानगी तेवढी काढा.
रेघ हलवायच्या आधी विचारायला लावायचे ते."

खाली गेले. डब्ल्यू खोडला, तिथे ओ ठेवला.
नव्या कामासाठी शेजारी वेगळा फोल्डर.
बिलात हे कसं मांडायचं सुचेना.
लिहिलं: केबल, चौदा मीटर.